वारसा आणि वहिवाट : रस्त्यावरच्या पोशाखाचा गुणाकार

पुतण्याच्या कपाटावर बुटांचे एक रिकामे खोके कित्येक महिने पडून होते. घराची साफसफाई करताना मी ते रद्दीच्या ढिगात टाकले, तर तो धावत आला. “काका, खोकं टाकू नका. खोक्यासकट विकले तर बुटांचे जास्त येतात.” खोक्यावर दोन नावे छापलेली होती आणि दोन नावांच्या मधे एक फुली. ती फुली नव्हे, गुणिल्याचे चिन्ह आहे, हे त्यानेच मला सांगितले. त्याच्या पिढीच्या भाषेत हा ‘कोलॅब’. एका बाजूला खेळाचे कपडे आणि बूट बनवणारी जुनी कंपनी, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या पोशाखाचे, म्हणजे स्ट्रीटवेअरचे, एखादे दुकान किंवा रचनाकार. दोघे मिळून मोजके नग काढतात, ठरलेल्या दिवशी विकतात, आणि संध्याकाळपर्यंत तेच नग दुसऱ्या बाजारात चढ्या भावाने फिरू लागतात.

माझा अभ्यास कपड्यांचा नाही. जुने महसुली कागद वाचण्याचा मला नाद आहे. तोही कुठल्या पदवीशिवाय, अभिलेख कक्षात बसून, कारकुनांना विचारत विचारत लागलेला. पण त्या खोक्याने मला या विषयाकडे ओढले याचे कारण एक शब्द. या जुन्या कंपन्या स्वतःचे वर्णन ‘हेरिटेज’ असे करतात. आपण त्याचे मराठी ‘वारसा’ असे करतो आणि पुढे जातो. मला मात्र हा शब्द ऐकला की फेरफाराची वही आठवते. मराठीत वारसा हा नुसता अभिमानाचा शब्द नाही, तो हक्काचा शब्द आहे. वारसा म्हटले की वारस आले, वारस नोंद आली, आणि नोंदीतून कोण वगळला गेला हा प्रश्नही आला.

त्याच वहीतला दुसरा शब्द वहिवाट. जमीन कोणाच्या नावावर आहे हे एक, आणि ती प्रत्यक्ष कोण वापरतो, कोण कसतो, हे दुसरे. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८चा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार मानले गेले. त्यामागचे तत्त्व साधे होते : नाव एकाचे आणि घाम दुसऱ्याचा, असे कायमचे चालू नये. या लेखात मी हेच तत्त्व कपड्यांना लावून पाहणार आहे. कंपनीकडे वारसा असतो : बोधचिन्ह, पेटंट, स्थापनेचे साल. पण त्या कपड्याला आज जी किंमत आहे, ती बहुतेक वेळा ज्यांनी तो वर्षानुवर्षे अंगावर वागवला त्यांच्या वहिवाटीतून आलेली असते. गुणिल्याच्या चिन्हाशेजारी जागा दोनच असतात. तिथे वहिवाटदाराची नोंद होते का, हाच माझ्या मते कोलॅबच्या समीक्षेचा पहिला प्रश्न आहे.

गोदामातली टोपी

सुरुवात हुडीपासून करतो, कारण हा कपडा आपल्याकडेही घरोघरी आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९१९ साली फाइनब्लूम कुटुंबाने ‘निकरबॉकर निटिंग कंपनी’ काढली. तीच पुढे चॅम्पियन झाली. मिशिगन विद्यापीठाचे संघ हे तिच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. स्वेटशर्टचे कापड होजिअरीचे, म्हणजे फाशांत फासे अडकवून विणलेले. असे कापड धुतले की लांबीत आटते. कंपनीने १९३८ साली यावर तोड काढली : कापड आडवे फिरवून कापायचे, म्हणजे आटण्याची दिशा उंचीकडून रुंदीकडे जाते, आणि रुंदीत तंगपणा येऊ नये म्हणून दोन्ही कुशींना ताणल्या जाणाऱ्या विणीच्या पट्ट्या लावायच्या. याला त्यांनी ‘रिव्हर्स वीव्ह’ नाव दिले. १९५२ साली त्याचे पेटंट मिळाले. हा खरा, कारागिरीचा वारसा आहे. त्याबद्दल कंपनीला कोणी नाव ठेवू नये.

पण टोपी? तीसच्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे गोठवणाऱ्या थंडीत गोदामांत राबणाऱ्या मजुरांसाठी स्वेटशर्टला टोपी जोडली गेली, असे कंपनीच्याच इतिहासात सांगतात. मग ती मैदानाच्या कडेला बसलेल्या खेळाडूंच्या डोक्यावर गेली. सत्तर-ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ब्रेकडान्स करणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या, स्केटबोर्ड फिरवणाऱ्या पोरांनी ती घेतली. थंडी होतीच, पण आता टोपीला आणखी एक काम मिळाले : चेहरा झाकणे. पोलीस, दुकानदार, पहारेकरी यांच्या नजरेपासून थोडा आडोसा. हा अर्थ रॉचेस्टरच्या कारखान्यात विणलेला नव्हता. तो वापरणाऱ्यांनी घातला.

आणि त्या अर्थाची किंमतही त्यांनीच मोजली. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा गोळी लागून मेला. त्याच्या अंगात हुडी होती. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये हजारो माणसे हुड्या घालून रस्त्यावर उतरली. टोपी वर केलेला माणूस संशयित, हे समीकरण किती खोल गेले आहे, याची ती जाहीर नोंद होती.

आता याच काळात हुडीच्या बाजारात काय चालले होते ते पाहा. स्ट्रीटवेअरची दुकाने चॅम्पियनशी हातमिळवणी करून हुड्या काढत होती. मग पॅरिसच्या उंची फॅशनघरांनी तोच आकार उचलला. कपडा तोच, टोपी तीच. एका अंगावर ती संशयाचे कारण, दुसऱ्या अंगावर ऐपतीची खूण. कोलॅबच्या जाहिरातीत १९१९ हे साल असते, पेटंट असते. मधली चाळीस वर्षे ‘अर्बन’ किंवा ‘स्ट्रीट’ अशा एका शब्दात गुंडाळलेली असतात. फेरफाराच्या वहीत खाडाखोड झाली की मी तिथे बोट ठेवून थांबतो. मला ही खाडाखोड वाटते.

तीन पट्टे कुणाचे?

याउलट, वहिवाटीची नोंद झाल्याचे पहिले ठळक उदाहरण आदिदासचे आहे; पण त्याआधी त्या कंपनीच्या वारशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावात आडोल्फ आणि रुडोल्फ डासलर या भावांचा बुटांचा सामाईक कारखाना होता. भावांचे फाटले. रुडोल्फने १९४८ साली पूमा काढली, आडोल्फने १९४९ साली आदिदास. भाऊबंदकीची ही कथा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण आदिदासची ओळख असलेले तीन पट्टे आडोल्फचे मूळचे नव्हेत. ते कारहू या फिनलंडच्या कंपनीचे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या सुमारास आदिदासने ते विकत घेतले. आजच्या हिशेबाने सोळाशे युरो आणि व्हिस्कीच्या दोन बाटल्या एवढ्या मोबदल्यात, असे सांगतात. म्हणजे वारसाही खरेदीखताने मिळू शकतो. त्याच पट्ट्यांसाठी ही कंपनी आज जगभर खटले लढते. २०१९ साली युरोपीय न्यायालयाने तिची तीन पट्ट्यांची एक नोंदणी रद्द ठरवली; २०२३ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने चार पट्टे वापरणाऱ्या थॉम ब्राऊनच्या बाजूने कौल दिला.

आदिदासचा ‘सुपरस्टार’ हा बूट १९६९चा, बास्केटबॉलसाठी केलेला, चवड्यावर रबरी शिंपल्यासारखे कवच असलेला. ऐंशीच्या दशकापर्यंत मैदानावर नवे बूट आले आणि हा मागे पडला. त्याला रस्त्याने उचलले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या हॉलिस वस्तीतले जोसेफ सिमन्स, डॅरिल मॅकडॅनिअल्स आणि जेसन मिझेल या तिघांचा रन-डीएमसी हा गट मंचावर नेहमीच्याच कपड्यांत उभा राहायचा : काळी टोपी, सोन्याची साखळी आणि नाड्या काढलेले सुपरस्टार. नाड्या नसणे ही साधी गोष्ट नव्हती. तुरुंगात कैद्यांच्या नाड्या काढून घेतात, आणि ती खूण बाहेरच्या पोरांनी मिरवायला घेतली, असे समजले जाई. क्वीन्समधल्याच एका डॉक्टरने असे बूट म्हणजे गुन्हेगारांचे बूट, अशा आशयाचे गीत काढले होते. १९८६ साली आलेले रन-डीएमसीचे ‘माय आदिदास’ हे त्याला दिलेले उत्तर होते : हे बूट घालून आम्ही चोरी करत नाही, कामाला जातो, मंचावर जातो.

त्याच वर्षी जुलैत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कार्यक्रम झाला. गटाच्या व्यवस्थापकांनी आदिदासच्या माणसांना मुद्दाम बोलावले होते. या गाण्याच्या वेळी श्रोत्यांना पायातले बूट वर धरायला सांगितले आणि हजारो हातांत तीन पट्टे वर आले. पुढे दहा लाख डॉलरच्या घरातला करार झाला. खेळाडू नसलेल्यांशी खेळाच्या कंपनीने केलेला हा पहिला मोठा करार मानला जातो.

हा प्रसंग नेहमी धूर्त जाहिरातीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो पीकपाहणीसारखा वाटतो. वहिवाटदारांनी साहेबांना बांधावर बोलावले आणि म्हटले, पाहा, कोण कसते आहे ते. कंपनीने त्यावर काय केले, हे कराराच्या रकमेपेक्षा बुटात जास्त दिसते. रन-डीएमसीच्या नावाने निघालेल्या मालिकेत ‘अल्ट्रास्टार’ नावाचा बूट होता. नाडीशिवाय पायात बसावा म्हणून त्याच्या जिभेला आतून इलॅस्टिक लावले होते. ज्या सवयीला गुन्हेगारीची खूण म्हटले जात होते, ती सवय बुटाच्या बांधणीत शिरली. नाव छापणे सोपे असते. बांधणी बदलणे ही खरी नोंद.

एका घरातल्या दोन खोल्या

इथून माझी कसोटी ठरली. कोलॅबमध्ये फक्त रंग बदलला, नाव छापले, की बांधणीत, वापरात, अर्थात काही फरक पडला? या कसोटीवर बहुतेक कोलॅब नापास होतात. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण गुणिल्याच्या दोन्ही बाजू हळूहळू एकसारख्या होत गेल्या आहेत.

सुप्रीमचेच घ्या. जेम्स जेबिया यांनी १९९४ साली न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी हे दुकान काढले. २००० साली त्यांनी लुई व्हिताँच्या नक्षीसारखी नक्षी स्केटबोर्डवर छापली, तेव्हा व्हिताँच्या वकिलांनी ती बंद पाडली. २०१७ साली त्याच व्हिताँने सुप्रीमशी कोलॅब केला. सतरा वर्षांत चोरटा भागीदार झाला. पण त्याच २०१७ साली सुप्रीमचा सुमारे अर्धा हिस्सा कार्लाइल या गुंतवणूक कंपनीकडे गेला. २०२० साली व्हीएफ कॉर्पोरेशनने अख्खे सुप्रीम २.१ अब्ज डॉलरला घेतले आणि २०२४ साली १.५ अब्ज डॉलरला चष्मे बनवणाऱ्या एसिलॉरलक्झोटिकाला विकले.

सुप्रीम आणि द नॉर्थ फेस यांचे कोलॅब २००७पासून चालत आले आहेत. गिर्यारोहकांचे जाकीट आणि शहरी पोरांचा रुबाब, अशी ती जोडी. पण नॉर्थ फेसही २०००पासून व्हीएफच्याच मालकीचे. म्हणजे २०२० अखेर ते २०२४ या काळात त्या जाकिटावरच्या गुणिल्याच्या दोन्ही बाजूंना मालक एकच होता. एका घरातल्या दोन खोल्यांनी एकमेकींना आमंत्रण द्यावे, तसा हा प्रकार. गिऱ्हाइकाला मात्र जाकीट तसेच दिसत होते. रस्ता हा वहिवाटदार होता. त्याच्या नावाने उभी राहिलेली पेढी स्वतःच जमीनदार झाली, आणि तिलाही विकून झाले.

नोंद चुकली की काय होते, याचे उघडे उदाहरण २०१२चे आहे. रचनाकार जेरेमी स्कॉट यांनी आदिदाससाठी केलेल्या एका बुटाला घोट्याभोवती नारिंगी प्लास्टिकची बेडी साखळीने जोडली होती. हे एका जुन्या खेळण्यावरून सुचले, असे स्कॉट यांचे म्हणणे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण रन-डीएमसीपासून ज्या कंपनीच्या बुटांना कृष्णवर्णीय वस्तीने अर्थ दिला, तिनेच गुलामगिरीची आठवण करून देणारी बेडी विकायला काढावी, हे जेसी जॅक्सन यांच्यासह अनेकांना सहन झाले नाही. विक्रीपूर्वीच बूट मागे घेतला गेला. दोन सह्या बरोबर होत्या. तिसरा विचारात घेतलाच नव्हता.

क्रोशाचे पट्टे

हे सगळे वाचून मी कोलॅबच्या विरोधात आहे असे वाटेल. तसे नाही. मला मनापासून आवडलेला एक कोलॅब आहे : ग्रेस वेल्स बॉनर आणि आदिदास यांचा. बॉनर लंडनच्या, आई इंग्लिश, वडील जमैकन वंशाचे. २०२०मध्ये सुरू झालेल्या या कामात त्यांनी लंडनमधल्या कॅरिबियन कुटुंबांच्या सत्तरच्या दशकातल्या पोशाखाचा आधार घेतला : रेगेच्या नाचाला जाणाऱ्या तरुणांच्या ट्रॅकसूटचा आणि बुटांचा. बूट निवडला सांबा. हा मुळात गोठलेल्या टणक जमिनीवर फुटबॉल खेळता यावा म्हणून केलेला. त्यावर त्यांनी तीन पट्टे क्रोशाने विणल्यासारखे केले, शिवणीचे टाके हाताने घातल्यासारखे उघडे ठेवले.

क्रोशा म्हटले की माझ्यासमोर रेडिओवर घातलेला रुमाल येतो, आणि तो विणणारी घरातली बाई. ज्या चिन्हासाठी वकिलांची फौज उभी असते, ते चिन्ह बॉनर यांनी घरच्या बायकांच्या हातात दिले. पट्टे आदिदासचेच राहिले, पण ते कोणाच्या घरात वापरले गेले, हे टाक्याटाक्यांत दिसू लागले. स्थलांतरितांच्या घरात परक्या देशातली वस्तू कशी आपली होते, हे मी पुस्तकांत वाचले होते. या बुटात ते डोळ्यांना दिसले.

त्यानंतर सांबा इतका बोकाळला की एप्रिल २०२४मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या पायात तो दिसल्यावर आता त्याची फॅशन संपली अशी हाकाटी झाली, आणि सुनक यांनी रेडिओवर हसत हसत सांबा घालणाऱ्यांची माफी मागितली. गंमत म्हणून हे सोडून देता येईल. पण पंतप्रधानाने कंपनीची नव्हे, वापरणाऱ्यांची माफी मागितली, हे मी टिपून ठेवले. वहिवाटीची सत्ता कुठेही लिहिलेली नसते, तरी ती सगळ्यांना ठाऊक असते.

पत्ता असलेली वहिवाट

२०२५च्या उन्हाळ्यात हा प्रश्न आपल्या दारात आला. जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी चपला दाखवल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. हे आपण सर्वांनी वाचले. पण त्याच ऑगस्टमध्ये घडलेली दुसरी घटना माझ्या विषयाला अधिक जवळची आहे. अमेरिकेतले रचनाकार विली चावारिया यांनी आदिदाससाठी ‘वाहाका स्लिप-ऑन’ नावाचे पादत्राण केले. वरचा भाग चामड्याच्या विणलेल्या पट्ट्यांचा, खाली खेळाच्या बुटाचा तळ. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या विला हिदाल्गो यालालाग या गावच्या ‘हुआराचे’ चपलांची ती वीण. तिथल्या अधिकाऱ्यांनी आणि थेट राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शाइनबाउम यांनी आक्षेप घेतला. रचनाकाराने माफी मागितली, आणि आदिदासच्या प्रतिनिधींनी यालालागला जाऊन गावासमोर जाहीर माफी मागितली.

इथे माझी सरळ मांडणी अडखळते. चावारिया हे मेक्सिकन वंशाचे. परक्याने लुटले, असे म्हणून सुटका नाही. आपल्या मुळांचा मान करावा हाच त्यांचा हेतू असणार. पण रक्ताने जवळ असणे आणि गावाने संमती देणे या दोन गोष्टी वेगळ्या. वारसाला वाटते, माझाच तर आहे. वहिवाटदार म्हणतो, मला विचारले का? हे भांडण मी जमिनीच्या कागदांत इतक्या वेळा वाचले आहे की बुटाच्या बाबतीत ते वाचताना जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले.

यालालागला माफी मिळाली, कारण यालालाग हे गाव आहे. त्याला पंचायत आहे, राज्य आहे, राष्ट्राध्यक्ष आहे. कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात नोंदलेले आहेत. म्हणूनच डिसेंबर २०२५मध्ये प्राडाला दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करता आला. करार कितपत न्याय्य, त्यातले किती चपला शिवणाऱ्याच्या हाती पडते, हे पाहावे लागेल. पण निदान सही कोणाची घ्यायची, हे ठाऊक होते.

हॉलिसच्या पोरांना भौगोलिक मानांकन कोण देणार? नाडी काढण्याच्या सवयीचे, टोपी पुढे ओढण्याच्या पद्धतीचे, लंडनच्या बैठकीच्या खोलीतल्या क्रोशाचे पेटंट कोणाच्या नावे? रस्त्याला पंचायत नसते. आणि कपडा म्हणजे जमीन नव्हे, हेही खरे. एकाने कसली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. त्या पोरांनी ते बूट आवडीने, स्वतःच्या पैशाने घेतले. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. त्यामुळे इथे कूळकायदा चालणार नाही. मोबदल्याचा हिशेब कधीच पुरा लागणार नाही.

तरी नोंद करता येते. सातबारा हा आपण एक कागद समजतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाची. गाव नमुना बारा सांगतो की तिच्यात काय पिकले. कंपन्या आपला सात स्वतः लिहितात आणि खोक्यावर छापतातही. बारा लिहायला कोणी बसलेले नाही. कपड्यांच्या समीक्षेचे मला दिसलेले काम हेच आहे : या स्वेटशर्टात तीसच्या दशकात काय पिकले, १९८६ साली काय, २०१२ साली काय, आणि ते कोणाच्या अंगावर.

पुतण्याचे खोके मी परत कपाटावर ठेवले आहे. त्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने मी एक ओळ लिहिली : या नमुन्याचे बूट आधी कोणत्या शहरातल्या कोणत्या वस्तीत, कोण घालत असे. ती वाचून तो म्हणाला, “काका, आता हे खोकं विकायला चालणार नाही.” मग जरा थांबून त्याने विचारले, “पण हे तुम्हाला कुठं मिळालं?”